चर्चमधून सेवा करायचीय? मग त्याच दारावर दुसऱ्यांदा जा

परवा उपासना झाल्यावर तरुण संघातली तीन-चार पोरं चहाच्या टेबलापाशी थांबली होती, त्यातला एकजण म्हणाला ताई, नाताळला आम्ही शंभर ब्लँकेटं वाटायचं म्हणतोय, तुम्ही महिला मंडळवाल्या किती वर्षं हे करताय, जरा सांगा ना कसं करायचं. तिथं उभ्या उभ्या जेवढं सुचलं तेवढं सांगितलं पण घरी आल्यावर वाटलं निम्मं तर राहूनच गेलं, म्हणून सगळं लिहून काढतेय. शरणपूर रोड असो, नाशिकरोड असो, देवळालीकडची मंडळी असो, कॅथलिक असा नाहीतर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नाहीतर पेंटेकॉस्टल, कामाची पद्धत सगळ्यांना सारखीच लागू पडते.

आधी ब्लँकेटांचंच सांगते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की नाशिकलाही हुडहुडी भरते तसल्याच एका रात्री आम्ही टेम्पो भरून ब्लँकेटं घेऊन गोदाघाटावर गेलो. एका बाईला द्यायला गेलो तर तिनं गाठोडं सोडून दाखवलं, आत तीन ब्लँकेटं होती, नवी कोरी, एकाची तर प्लास्टिकची पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती. म्हणाली, "बाई, आता हे नको, रोज सकाळी सगळं गुंडाळून डोक्यावर घेऊन फिरावं लागतं मला, ठेवू कुठं? पोराच्या पायाचं बघा ना त्यापेक्षा." पोराच्या टाचेला साडीची चिंधी बांधलेली आणि ती चिंधी जखमेला चिकटून बसलेली. आमच्याकडे शंभर ब्लँकेटं होती पण कापूस नाही, पट्टी नाही, काहीच नाही. आमच्यातली एक नर्स ताई दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून परत गेली, कोमट पाण्यानं भिजवून ती चिंधी सोडवायलाच तिला अर्धा तास लागला, मग त्याला दवाखान्यात नेलं, आणि पुढं तीन आठवडे ती एक दिवसाआड जात राहिली. त्या बाईला आमच्या चर्चचं नाव आजही माहीत नसेल पण नर्स ताईला ती लांबून हाक मारते.

तेव्हापासून आमच्याकडे एकच गोष्ट धरून ठेवलीय, जिथं एकदा गेलो तिथं दुसऱ्यांदा जायचं, आणि दुसऱ्यांदा जायला जमणार नसेल तर ते काम हातात घ्यायचंच नाही. बायबलात लूकच्या १०व्या अध्यायातला तो शोमरोनी आठवा, वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा बांधून त्याला उतारशाळेत पोचवलं, दोन दिनार दिले, आणि वर सांगितलं की जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. परत येण्याचं त्यानं आधीच ठरवलेलं होतं. आपण नेमकं ते वाचून पुढं जातो.

आता सुरुवात कुठून करायची. पैसे गोळा करण्यापासून करू नका. एक वही घ्या आणि आपल्या मंडळीत कोण काय करतं ते लिहा. आपल्याकडे नर्सेस असतात, शिक्षक असतात, कुणी रिक्षा चालवतं, कुणी शिवणकाम करतं, कुणी अंबडला नाहीतर सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये आहे म्हणजे सकाळ मोकळी असते, आणि बँकेतून नाहीतर सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले एक-दोन काका असतातच. हे फॉर्म भरणारे काका म्हणजे सोनं हो, त्यांना फक्त अर्पणाचे पैसे मोजायला बसवू नका. वही भरली की पाळक साहेबांशी, फादरशी, कमिटीशी बोला आणि एक जागा, फक्त एकच जागा निवडा. दवाखाना निवडा, नाहीतर एखादी वस्ती निवडा, नाहीतर आश्रमशाळा. चार ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी वर्षभर जा.

आम्ही सरकारी दवाखाना निवडला, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. नाशिकमध्ये सिव्हिलला, संदर्भला, नाशिकरोडला बिटकोला पेशंट येतात ते फक्त शहरातले नसतात, सुरगाणा, पेठ, हरसूल, त्र्यंबक, इगतपुरी, लांबलांबून येतात. पेशंटला वॉर्डात जेवण मिळतं पण सोबत आलेल्या माणसाचं काय, तो कित्येकदा घरनं बांधून आणलेलं दोन दिवस पुरवतो आणि मग चहा-बिस्किटावर काढतो. आम्ही डबे द्यायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सुरगाण्याकडच्या एका आजोबांनी चपात्या तशाच परत केल्या, भाजी खाल्ली होती. मला आधी वाईट वाटलं, मग शेजारी बसून विचारलं तर हळूच म्हणाले, "नागलीची भाकर नाय का?" पुढच्या खेपेला आमच्यातल्या एका मावशींनी नागलीच्या भाकरी थापून आणल्या, सोबत उडदाची डाळ, तर आजोबांनी दोन खाल्ल्या आणि एक फडक्यात गुंडाळून रात्रीला ठेवली. काय हवंय ते विचारा, आपल्याला काय द्यायला आवडतं ते बाजूला ठेवा. आणि डबा पेशंटसाठी असेल तर वॉर्डातल्या सिस्टरला विचारल्याशिवाय काहीही देऊ नका, ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं ठेवायचं असतं, कुणाला शुगर असते, कुणाला मीठ बंद असतं.

पण जेवणापेक्षाही मोठी गरज कागदपत्रांची असते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, महाराष्ट्रातल्या रेशनकार्डधारकांना ती लागू आहे, योजनेत असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं टेबल असतं. पण ज्याचं रेशनकार्ड गावाकडे ट्रंकेत पडलंय, ज्याचं आधारवरचं नाव आणि रेशनकार्डवरचं नाव जुळत नाही, तो माणूस त्या टेबलापर्यंत जातच नाही, घाबरतो, आणि बाहेर सावकाराला फोन लावतो. आपले रिटायर काका इथं बसवा. त्यांनी फक्त त्या माणसाबरोबर टेबलापर्यंत चालत जायचं, काय कागद कमी आहे ते लिहून घ्यायचं, गावात फोन लावून कार्डाचा फोटो मागवायचा आणि मूळ कार्ड कोण घेऊन येतंय ते ठरवायचं. दुसरं म्हणजे धर्मादाय हॉस्पिटलं, ट्रस्टची जी आहेत ती, त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवकाला जाऊन भेटा, शांतपणे बोला, भांडायला जाऊ नका. नाहीच झालं तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात लेखी द्या. एकदा एका ठिकाणी आम्हाला तीन दिवस नुसतं या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं होतं, चौथ्या दिवशी काकांनी सगळं एका कागदावर तारखेनिशी लिहून नेलं, तेव्हा कुठं काम झालं. कागदावर लिहून न्या, हे खरंच उपयोगी पडतं.

टीबीच्या पेशंटसाठीही करण्यासारखं आहे. सरकारची निक्षय मित्र म्हणून योजना २०२२ पासून आहे, त्यात एखादी व्यक्ती किंवा संस्था टीबी पेशंटला किमान ६ महिने पोषण आहार द्यायची जबाबदारी घेते, चर्चसुद्धा घेऊ शकतं. निक्षयच्या वेबसाइटवर नोंद करायची आणि महापालिकेच्या क्षयरोग विभागात जाऊन भेटायचं, पेशंटची संमती असेल तरच नाव मिळतं. आमच्या किटात महिन्याला ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, तेल आणि किलोभर शेंगदाणे असतात, अंडी खाणाऱ्याला अंडी. तिसऱ्या महिन्यात काय होतं, माणसाला बरं वाटायला लागतं, खोकला थांबतो, आणि तो गोळ्या बंद करतो, आणि तिथंच घोळ होतो कारण अर्धवट सोडलेला टीबी परत उलटतो आणि मग साध्या औषधांना दाद देत नाही. त्यामुळे किट घेऊन जाणाऱ्यानं दारातनं परत यायचं नाही, पाच मिनिटं बसायचं, गोळ्यांचं पाकीट बघायचं. आणि शेजारीपाजारी कळता कामा नये कुठला आजार आहे ते, म्हणून किटवर चर्चचं स्टिकर नको, टीबी हा शब्द तर अजिबात नको.

रक्तदान करा, पण नाताळच्या आधी नको, तेव्हा बरीच शिबिरं असतात, एप्रिल-मे महिन्यात ठेवा. कॉलेजं बंद असतात, लोक गावी जातात, तेव्हा रक्तपेढ्यांना खरी अडचण येते. १८ ते ६५ वय, वजन ४५ किलोच्या वर, पुरुषांना दर ३ महिन्यांनी आणि बायकांना दर ४ महिन्यांनी देता येतं. प्लेटलेट्स तर ५च दिवस टिकतात, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी देण्यापेक्षा वीस जणांची यादी करून रक्तपेढीला देऊन ठेवा, फोन आला की जायचं.

नाशिक म्हटलं की द्राक्षं, आणि द्राक्षं म्हटलं की मजूर. ऑक्टोबरच्या छाटणीपासून ते माल निघेपर्यंत पेठ, सुरगाण्याकडच्या टोळ्या दिंडोरी, निफाडच्या बागांवर येऊन राहतात, पोरंबाळं सोबत, आणि पोरांची शाळा तेवढे महिने सुटते. इथं ग्रामीण भागातल्या मंडळ्या खूप करू शकतात. आधी बागायतदाराला विचारा, मुकादमाला विचारा, न सांगता शेतात घुसू नका. मग जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना भेटा, तात्पुरतं पोरांना बसवून घेतात का बघा, आणि ते जमेपर्यंत संध्याकाळी तासभर अभ्यास. आमच्या ओळखीच्या एका मंडळीनं पाटी-पेन्सिल नेली होती पण पोरं खाऊसाठी येतात आणि निघून जातात असं व्हायला लागलं, मग त्यांनी एका दहावी झालेल्या मजुराच्याच पोरीला थोडं मानधन देऊन शिकवायला बसवलं, तिला त्या पोरांची बोली येत होती, तेव्हा ती पोरं टिकली.

पुराचं थोडक्यात. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढलं त्यावरून आपण नाशिककर पूर मोजतो, २०१९च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पाणी असताना नदीकाठी जायचं काम आपलं नाही, ते प्रशासनावर सोडा. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवसापासून आपलं काम, तोवर बाकीचे फोटो काढून गेलेले असतात आणि घराघरात फूटभर गाळ तसाच असतो. फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर, गमबूट घेऊन जा, शिजवलेल्या अन्नापेक्षा हे जास्त लागतं. जुने कपडे मागू नका. एका वर्षी आम्ही आवाहन केलं आणि इतके कपडे आले की हॉल भरला, वेगळे करायला माणसं मिळेनात, पावसाच्या ओलीनं त्यांना बुरशी धरली आणि शेवटी आम्हालाच ते टाकून द्यायला टेम्पो लावावा लागला. ते दुःख मला अजून आहे, लोकांनी मनापासून दिले होते.

आणि आपल्याच मंडळीतले म्हातारे विसरू नका. ज्यांची मुलं पुण्याला, दुबईला, कॅनडाला आहेत, जे आजी-आजोबा दोन-तीन रविवार दिसले नाहीत, त्यांच्या घरी कोण गेलं? औषधं आणणं, लाइट बिल भरणं, बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन जाणं. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, लहान मुलांसाठी १०९८ आहे, हे दोन्ही नंबर चर्चच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

आता परदेशाचं. लोक म्हणतात नाशिकमधून आपण कुठं परदेशात सेवा करणार. अहो, आपल्या शरणपूरचाच इतिहास बघा. १९व्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं मुंबईला आणि तिथून नाशिकच्या मिशनमध्ये आणली जायची, इथं ती लिहायला वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन, तो आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी, तिथंच वारला तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना वाचणारा आणि झाडावर त्याचं नाव कोरणारा हाच नाशिकला शिकलेला मुलगा, आणि मग सोबत्यांनी ते शव कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेलं. पुढं मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेरटाउन वसवलं तेव्हा तिथंही नाशिकची ही माणसं होती. म्हणजे परक्याला जवळ करायचं आणि त्यानं जाऊन त्याच्या लोकांना जवळ करायचं, हे आपल्या गावात दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

म्हणून परदेशसेवा आपल्या गल्लीतूनच सुरू करा. आपल्या कॉलेजांमध्ये आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं आहेत. टांझानियाचा एक मुलगा इंग्लिश उपासनेला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, आम्ही सगळे हसून हॅलो करायचो आणि निघून जायचो. एक दिवस आमच्या मावशींनी सरळ विचारलं, बाळा जेवतोस काय? तेव्हा कळलं की त्याला मक्याचं पांढरं पीठ मिळत नव्हतं, उगाली करायची होती. मावशींनी पांढरा मका मिळवला, गिरणीवाल्याला दोनदा समजावून जाडसर दळून घेतला, आणि त्या पोरानं आमच्या किचनमध्ये उभं राहून लाकडी डावानं घोटून घोटून उगाली केली, अगदी आपल्या उकडीसारखी दिसते. त्यानंतर तो त्याच्या चार मित्रांना घेऊन आला. भाड्यानं खोली मिळवून देणं, दवाखान्यात सोबत जाणं, सणाला घरी बोलावणं, एवढं तरी होतंच. फक्त परदेशी माणसाला घरी मुक्कामाला ठेवलं तर २४ तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यावी लागते, ते आधी बघून घ्या.

नेपाळी वॉचमन तर प्रत्येक कॉलनीत आहेत. २०१५च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला तेव्हा आमच्या बिल्डिंगचा वॉचमन दादा दोन दिवस गेटवर बसून एकच नंबर लावत होता, लागत नव्हता. आम्ही चर्चमध्ये नेपाळसाठी प्रार्थना केली आणि गेटवरच्या माणसाला विचारायचं मात्र सोमवारी सुचलं. त्याची माणसं वाचली होती पण घर पडलं होतं. मंडळीतून पैसे जमले ते आम्ही त्याच्या हातात दिले आणि घरी त्यानंच पाठवले. बँकेतून नेपाळला पैसे पाठवायची अधिकृत सोय २००८ पासून आहे, एनईएफटीसारखीच, आता एका वेळी २ लाखांपर्यंत जातात आणि तिकडे नेपाळी रुपयात मिळतात. अशा वेळी फॉर्म भरायला सोबत जाणं हीसुद्धा सेवाच.

मोठी मदत पाठवायची तर ओळखीच्या वाटेनं पाठवा. कॅथलिक मंडळींना कॅरिटास ही मदतसंस्था आहे, तिचं जाळं १६०हून जास्त देशांत आहे, प्रोटेस्टंट-ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची कासा आहे, १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी सुरू झालेली, ती देशातल्या संकटात काम करते. धर्मप्रांताच्या ऑफिसात विचारा, ते वाट सांगतात. चर्चच्या ट्रस्टच्या खात्यातून मात्र परस्पर परदेशात पैसे पाठवू नका, ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च करण्यावर इन्कम टॅक्सची बंधनं आहेत, आधी सीएला विचारा. व्यक्ती म्हणून तुम्ही स्वतःच्या खात्यातून पॅन देऊन बँकेमार्फत पाठवू शकता. आणि तिकडचा कुणी ब्रदर फेसबुकवरून मेसेज करतोय की आमच्या अनाथाश्रमाला मदत पाठवा, तर थांबा, तुमच्या धर्मप्रांतातलं कुणी त्याला ओळखतं का ते आधी विचारा. उलट बाजूनं, परदेशातून कुणी आपल्या चर्चला पैसे देतो म्हणालं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी माणसाकडून वा संस्थेकडून एक रुपयाही घेता येत नाही, पाळकांच्या वैयक्तिक खात्यात तर नाहीच नाही.

आखातात कामाला जाणारी आपली पोरं, ही पण परदेशसेवाच. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर बघून द्या, ३० हजार आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त फी तो घेऊ शकत नाही. टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर बदलून देतो म्हणाला की त्या पोराला उठवून घरी आणा.

पैसे कसे जमवायचे तर बायबलातल्या अंत्युखियाच्या मंडळीनं यहूदीयातल्या दुष्काळासाठी जमवले तसे, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि नेऊन पोचवायला बर्णबा आणि शौल अशी दोन माणसं. दोन माणसं, एक नाही. आमच्याकडे सेवेच्या डब्याची मोजणी दोघं करतात, सही दोघांची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी किती आले किती गेले ते वाचून दाखवतात. मुलांमध्ये काम करतानाही तसंच, कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा बंद खोलीत नको, मग तो कितीही जुना मेंबर असो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. मदतीच्या पिशवीत पत्रक टाकू नका. भुकेल्या माणसाच्या हातात एका हातानं डबा आणि दुसऱ्या हातानं पत्रक दिलं तर तो नको म्हणूच शकत नाही, आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्याकडून घेतलेला होकार आपल्या प्रभूला कशाला हवा? कुणी विचारलं तुम्ही का करता, तर सांगा, लपवू नका, मी पण सांगते. सेवेला सगळे सारखे, जात धर्म विचारायचा नाही. तसंच फोटोचं, डबा घेतानाचा चेहरा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, आपल्या घरातलं कुणी तसं हात पुढं करून उभं असतं तर आपण टाकला असता का? भांड्यांचा फोटो काढा, भाकरी थापणाऱ्या हातांचा काढा.

तर तरुण संघवाल्यांनो, शंभर ब्लँकेटांचे पैसे जमतीलच, पण खरेदीच्या आधी दोघं-तिघं घाटावर एक चक्कर मारून या आणि नुसतं विचारून या. येत्या रविवारी चहाच्या टेबलावर मी वही ठेवतेय, तीन रकाने आखलेत, नाव, आठवड्यातला कुठला वार, आणि किती वाजता मोकळे. गेल्या खेपेला पेन कुणीतरी खिशात घालून नेलं होतं, म्हणून या वेळी दोरीनं बांधलंय. बुधवारी संध्याकाळी डब्याला दोन माणसं कमी पडतायत, तिथून भरायला सुरुवात करा.